सायकल शिकताना काय लागते?

मे महिन्याची संध्याकाळ. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सात वर्षांचा एक मुलगा नवी सायकल शिकतो आहे. वेग जवळपास नाहीच. वळताना पुढचे चाक एकदम काटकोनात फिरते, सायकल कलंडते आणि तो हँडलवरच आपटतो. उठतो, कपडे झटकतो, गुडघा तपासतो. गुडघ्याला काही झालेले नाही. बेंबीच्या जरा वर रुपयाच्या नाण्याएवढा लाल ठसा उमटला आहे, पण तो शर्टाखाली. रात्री तो नेहमीपेक्षा कमी जेवतो. दुसऱ्या दिवशी दुपारी पोट दुखते म्हणतो, मग उलटी होते. घरात पहिला संशय जातो तो आदल्या दिवशीच्या पाणीपुरीवर.

असा रुग्ण बालशल्यचिकित्सकांना नवा नाही. सायकल शिकणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना धास्ती असते ती रक्ताची, खरचटण्याची, फार तर हात मोडण्याची. पण ज्या पडण्यात रक्ताचा थेंबही येत नाही, त्यातली काही पडणी जास्त महागात जातात. त्यांत हँडलचे टोक पोटात घुसणे हा प्रकार सर्वांत फसवा.

मोठ्या माणसाच्या पोटावर स्नायूंची जाड भिंत असते, थोडी चरबीही असते. लहान मुलाचे पोट पातळ असते, बरगड्या लवचिक असतात आणि यकृत-प्लीहा त्यांच्याखालून पुरेशी झाकलेली नसते. पडताना पुढचे चाक फिरले की हँडलचे एक टोक मुलाच्या अंगाकडे रोखले जाते, दुसरे जमिनीला टेकते. मधल्या नळीला मग हलायला जागाच उरत नाही. मुलाचे सगळे वजन दोन-अडीच सेंटिमीटर व्यासाच्या त्या गोल टोकावर येते. आत, पाठीच्या कण्याला आडवे, स्वादुपिंड असते. त्याच्याच कुशीत लहान आतड्याचा पहिला भाग. पुढून नळीचा दाब आणि मागून मणक्याचे हाड, यांच्यामध्ये हे अवयव सुपारी अडकित्त्यात सापडावी तसे सापडतात.

अमेरिकेत फिलाडेल्फियातील संशोधकांनी १९९८ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात अशा मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच सायकलच्या हँडलला त्यांनी ‘छुपे भाले’ म्हटले होते. अपघात अगदी किरकोळ वाटणारे, वेग कमी, पण आतली इजा गंभीर, ही विसंगती त्यांना खटकली होती. किरकोळ वाटल्यामुळेच घरचे थांबतात. पडल्यावर पहिल्या काही तासांत डॉक्टरांनाही पोट मऊ लागू शकते आणि स्वादुपिंडाची रक्ततपासणीही नॉर्मल येऊ शकते. आतड्याच्या भिंतीत साचलेले रक्त हळूहळू फुगते आणि अन्नाची वाट अडवते. उलट्या एक-दोन दिवसांनी सुरू होण्याचे कारण ते. उलटीचा रंग हिरवा असेल तर ती पित्ताची खूण, आणि मग पाणीपुरीला दोष देत बसण्यात अर्थ नाही. अशा बहुतेक मुलांना शस्त्रक्रिया लागत नाही. तोंडाने काही न देता, सलाइनवर, देखरेखीखाली ठेवले की रक्ताची गाठ विरते. मात्र त्याला कधी दोन-तीन आठवडे लागतात.

म्हणून पडलेल्या मुलाला विचारायचा प्रश्न ‘लागलं का?’ हा नाही. त्याला ‘नाही’ हेच उत्तर मिळते, कारण सायकल काढून घेतली जाईल ही भीती मुलाला पोटदुखीपेक्षा मोठी वाटते. ‘हँडल कुठे लागलं, दाखव,’ असे म्हणून शर्ट वर करून पाहावे. पोटावर गोल ठसा असेल, मूल पोट धरून चालत असेल, जेवायला नको म्हणत असेल, ताप किंवा उलटी असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि ‘सायकलचे हँडल पोटात लागले’ हे वाक्य स्वतःहून सांगावे. नुसते ‘पोट दुखतंय’ म्हटले तर तपासणीची दिशाच बदलते.

आपल्याकडच्या सायकलींत या धोक्यात आणखी भर पडते ती मुठीच्या रबराची. सायकल चार वेळा आडवी पडली, भिंतीला घासली की मुठीचे टोक फाटते आणि आतली लोखंडी नळी उघडी पडते. मोठ्या भावाची सायकल धाकट्याकडे येईपर्यंत तर दोन्ही टोके हमखास उघडी. उघड्या नळीची कडा गोलाकार पातीसारखी कापते. टोकाला जाड बोंडे असलेल्या नव्या मुठी कोणत्याही सायकलच्या दुकानात मिळतात आणि सायकलच्या किमतीपुढे त्यांची किंमत नगण्य असते.

पण मुळात पडणे इतके का होते? काही पडणी शिकण्याचा भागच असतात. बाकीची बरीचशी सायकल घेतानाच विकत आणली जातात. शाळेचा गणवेश, पावसाळी बूट आणि सायकल या तीन गोष्टी मराठी मध्यमवर्गीय घर नेहमी वाढत्या अंगाच्या मापाने घेते. ‘आत्ताच मोठी घेऊ, तीन वर्षं पुरेल.’ गणवेश ढगळ असला तर फार तर वाईट दिसतो. सायकल मोठी असली तर सीटवर बसलेल्या मुलाचे पाय जमिनीला पोचत नाहीत, बोटे ब्रेकच्या दांडीला पोचत नाहीत आणि वजन आवरत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाचे वजन १८ ते २० किलो असते. बाजूच्या चाकांसह, बास्केट-घंटीसह लोखंडी सायकल सहज नऊ-दहा किलो भरते. म्हणजे मुलाच्या निम्म्या वजनाची. ७० किलोच्या माणसाला ३५ किलोची सायकल देऊन ‘चालव, सोपं आहे,’ असे म्हटले तर त्याचे काय होईल, याची कल्पना करावी.

एकेकाळी गावोगाव मुले वडिलांच्या मोठ्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून अर्धे पायडल मारत शिकली. तासावर भाड्याने आणलेल्या सायकलवर शिकली. ‘आम्ही नाही का शिकलो?’ हा युक्तिवाद तिथूनच येतो. शिकले ते सांगायला आहेत. कोपरात वाकडा राहिलेला हात घेऊन फिरणारेही त्याच पिढीत आहेत, त्यांना मात्र कोणी विचारत नाही.

माप घेण्याची रीत सोपी आहे. मुलाला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे करावे, एक जाडसर पुस्तक दोन्ही पायांमध्ये वरपर्यंत धरावे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. शिकण्याच्या काळात सीट त्या उंचीपेक्षा किंचित खालीच हवी, म्हणजे बसल्या बसल्या दोन्ही तळपाय पूर्ण टेकतात. दुकानातल्या ‘अमुक वयाला अमुक इंची’ या पाटीपेक्षा हे माप भरवशाचे. मग मुलाला सायकलवर बसवून ब्रेक दाबायला सांगावे. अनेक स्वस्त सायकलींचे ब्रेक इतके कडक असतात की मोठ्या माणसालाही जोर लावावा लागतो. दुकानदाराला दांडी मुठीच्या जवळ आणून, तार नीट बसवून द्यायला सांगता येते. तरीही मुलाच्या दोन बोटांनी मागचे चाक थांबत नसेल, तर ती सायकल कितीही गुलाबी असली तरी दुकानातच ठेवावी.

बाजूच्या दोन छोट्या चाकांबद्दलही घरोघरी गैरसमज आहे. ती लावली की मूल सायकल शिकते, असे वाटते. प्रत्यक्षात ते पायडल मारायला शिकते, आणि पायडल मारणे हा सायकलचा सोपा भाग आहे. अवघड भाग तोल. धावती सायकल ज्या बाजूला कलते, त्याच बाजूला हँडल किंचित वळवले की चाके पुन्हा अंगाखाली येतात. सायकल चालवणे म्हणजे ही दुरुस्ती न थांबता, नकळत करत राहणे. बाजूची चाके सायकलला कलूच देत नाहीत, त्यामुळे हा धडा सुरूच होत नाही. उलट वळणावर बाहेरच्या अंगाला रेलायची सवय लागते. चाके काढली की तीच सवय मुलाला आडवे पाडते.

यावरचा उपाय सायकलइतकाच जुना आहे. १८१७ मध्ये जर्मनीतील मानहाइम शहरात कार्ल ड्राइस यांनी जे दोनचाकी वाहन रस्त्यावर आणले त्याला पायडल नव्हतेच. त्यावर बसून पायांनी जमीन ढकलत जायचे. पायडल आले ते पुढे १८६० च्या दशकात, फ्रान्समध्ये. आज ‘बॅलन्स बाइक’ म्हणून जी पायडल नसलेली छोटी सायकल विकली जाते ती हीच. पोर्तुगालमधील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, फक्त बॅलन्स बाइकवर शिकलेली मुले सरासरी चार वर्षे दोन महिन्यांच्या सुमारास स्वतंत्रपणे सायकल चालवू लागली होती. फक्त बाजूच्या चाकांवर शिकलेल्यांचे सरासरी वय जवळपास सहा होते. ही माहिती लोकांच्या आठवणीवर आधारलेली होती, शिवाय बॅलन्स बाइक घेणारे पालक मुळातच हौशी असू शकतात, हे लक्षात घेऊनही फरक बराच आहे.

त्यासाठी वेगळी सायकल घ्यायलाच हवी असे नाही. असलेल्याच सायकलची बाजूची चाके आणि दोन्ही पायडल काढून घ्यावीत, सीट खाली करावी. (डाव्या पायडलचा आटा उलटा असतो; ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून सुटते. हे माहीत नसल्याने जोर लावून आटा खराब करणारे वडील पुष्कळ.) सपाट जागेवर मूल आधी चालते, मग ढांगा टाकते, मग पाय उचलून घसरत जाते. पाय उचललेला तो काळ चार-पाच सेकंदांचा झाला की पायडल परत लावायला हरकत नाही. या काळात पडणे जवळपास होत नाही, कारण पाय जमिनीपाशीच असतात. आणि कॅरिअर धरून मागे धावायची, ‘बाबा, सोडू नका हं’ आणि ‘नाही सोडत’ ही प्रेमळ फसवणूक करायची वेळही सहसा येत नाही. आधार द्यायचाच असेल तर तो मुलाच्या खांद्यांना किंवा काखेत द्यावा. हँडल किंवा सीट धरली की तोल धरणाऱ्याचा होतो, मुलाचा नाही.

पडताना मूल हात पुढे टाकते. म्हणून मनगट आणि कोपर. लहान मुलाचे हाड सुक्या काटकीसारखे कडकन मोडत नाही. ओल्या फांदीसारखे वाकते, एका बाजूने चिरते किंवा नुसते चेपते. मनगटाचे असे चेपलेले हाड बहुधा साध्या आधाराने काही आठवड्यांत जुळते. कोपराच्या किंचित वर, दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाशी होणारा मोड मात्र वेगळा. पाच ते सात वर्षांच्या आसपास तो सर्वाधिक दिसतो आणि त्याच्या अगदी पुढून हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि चेता जातात.

आपल्याकडे नेमकी इथे गडबड होते. कोपर सुजले की आंबेहळदीचा लेप, मग तेलाचे मालिश, मग हाडवैद्याकडे बांबूच्या पट्ट्या आणि घट्ट बांधलेले फडके. लेपाने बिघडत नाही. चोळण्याने आणि आवळण्याने बिघडते. सुजेला बाहेर यायला वाव नसला की आतला दाब वाढतो, हाताच्या स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत ते स्नायू मरू लागतात. मग बोटे आखडून कायमची वाकडी राहतात. कोपराच्या मालिशमुळे स्नायूत हाड धरते, तेही सांधा आखडवते. बांधल्यावर दुखणे कमी होण्याऐवजी वाढत असेल, बोटे फिकट, गार किंवा बधिर पडत असतील, बोट हलकेच सरळ केले तरी मूल किंचाळत असेल, तर बंधन कोणीही बांधलेले असो, प्लास्टरही असो, रात्र असो, ते लगेच सैल करायला रुग्णालयात न्यावे. ‘सकाळी बघू’ म्हणण्याइतका वेळ तिथे नसतो.

डोक्याचा विषय निघाला की हेल्मेट आलेच. त्याबाबत आकड्यांचा इतिहास थोडा पाहण्यासारखा आहे. १९८९ मध्ये अमेरिकेतील सिॲटल येथील एका गाजलेल्या अभ्यासाने हेल्मेटमुळे डोक्याला इजा होण्याचा धोका ८५ टक्क्यांनी घटतो असे म्हटले. पुढच्याच वर्षी, १ जुलै १९९० रोजी, ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. पुढे आणखी अभ्यास झाले, तसा तो आकडा खाली आला. ४० अभ्यासांतील ६४ हजारांहून अधिक जखमींची माहिती एकत्र करून ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी काढलेला निष्कर्ष असा : डोक्याच्या इजेची शक्यता सुमारे ५१ टक्क्यांनी, गंभीर इजेची ६९ टक्क्यांनी कमी. सक्ती असावी की नसावी, यावर युरोपात अजून वाद झडतात. सक्तीने लोक सायकलच सोडतात, असे विरोधकांचे म्हणणे. पण शिकाऊ मुलाच्या डोक्यावर हेल्मेट असावे का, हा प्रश्न त्या वादातला नाही.

कारण हेल्मेट ज्या पडण्यासाठी बनवले जाते ते नेमके मुलाचेच पडणे आहे. युरोपीय मानकानुसार सायकलचे हेल्मेट सपाट पृष्ठभागावर आपटून तपासतात तो वेग ताशी साधारण २० किलोमीटर असतो. म्हणजे दीड मीटर उंचीवरून डोके थेट जमिनीवर येण्याइतका. आतला थर्माकोलसारखा थर चेपून धक्का खातो. एकदा चेपला की परत फुगत नाही, म्हणून जोरात आपटलेले हेल्मेट वरून धडधाकट दिसले तरी टाकून द्यायचे असते. ट्रकच्या धडकेपुढे हा थर फारसे काही करू शकत नाही, पार्किंगच्या फरशीपुढे पुष्कळ करतो. भारतात सायकलस्वाराला हेल्मेटची सक्ती नाही. गंमत अशी, की मोटारसायकलवर मागे बसणाऱ्या नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी केंद्राने २०२२ मध्ये जे नियम केले, त्यांत सायकलचे हेल्मेट चालते असे म्हटले आहे. सायकलवरच्या मुलाचा उल्लेख कुठेच नाही.

हेल्मेटही वाढत्या मापाचे घेऊ नये. ते भुवयांच्या वर दोन बोटे, कपाळावर आडवे बसले पाहिजे. टोपीसारखे मागे सरकवलेले हेल्मेट कपाळ उघडे टाकते. हनुवटीखालचा पट्टा लावल्यावर आत एक-दोन बोटे जावीत, मूठ नव्हे. आणि सायकलवरून उतरल्यावर घसरगुंडीवर किंवा झाडावर चढण्याआधी ते काढायला लावावे; पट्टा अडकून गळफास बसण्याचे प्रकार परदेशात घडले आहेत.

आता पुन्हा पार्किंगकडे. पालकांना ती जागा सुरक्षित वाटते, कारण फाटक बंद असते. पण उलट येणाऱ्या मोठ्या गाडीच्या मागे लहान सायकलवरचे मूल आरशात दिसत नाही. आणि तळघरात उतरणारा रॅम्प मुलांना फार आवडतो. तीन मीटर खोल उतारावरून ब्रेक न लावता सुटलेली सायकल, चाकांचे घर्षण आणि वारा वजा करूनही, तळाशी ताशी २० ते २५ किलोमीटरला पोचू शकते. हेल्मेट ज्या वेगाला तपासलेले असते त्याच्याही पुढे, आणि समोर बहुधा खांब असतो.

रस्त्याबद्दल घाई करू नये, याला सवयीपलीकडचे कारण आहे. येणारी गाडी डोळ्याला मोठी मोठी होत दिसते आणि त्या फुगण्यावरून मेंदू तिचा वेग ओळखतो. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील संशोधकांना २०११ च्या अभ्यासात दिसले, की प्राथमिक शाळेतील मुलांना ताशी सुमारे ३२ किलोमीटरपेक्षा वेगाने येणारी गाडी जवळ येते आहे हे खात्रीने ओळखता येत नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात मुलांना कृत्रिम रस्त्यासमोर स्थिर सायकलवर बसवून प्रयोग झाले. दहा-बारा वर्षांच्या मुलांनी दोन गाड्यांमधली जी फट निवडली ती मोठ्यांनी निवडलेल्या फटीएवढीच होती. पण निघायला ती उशीर करत, आणि पलीकडे पोचेपर्यंत हाताशी उरलेला वेळ कमी असे. म्हणजे ‘तो आता छान चालवतो’ आणि ‘तो आता रस्त्यावर जाऊ शकतो’ यांत काही वर्षांचे अंतर आहे. दहा वर्षांच्या मुलाला एकट्याने चौक ओलांडू द्यावा का, याचे उत्तर त्याच्या सायकल चालवण्यात सापडत नाही.

आणि एक शेवटची जागा, जिथे शिकणाऱ्याला नाही तर धाकट्याला लागते. सायकल यायला लागली की तिसऱ्या दिवशी कॅरिअरवर तीन-चार वर्षांचे भावंड बसलेले असते. त्याचे लोंबणारे पाय फिरत्या आऱ्यांत जातात आणि टाचेची मागची बाजू चेपली जाते. पहिल्या दिवशी नुसते खरचटल्यासारखे, निळसर दिसते. चार-पाच दिवसांनी तीच कातडी काळी पडते आणि खालची टाचेची शीर उघडी पडू शकते. म्हणून आऱ्यांत सापडलेला पाय साधी मलमपट्टी करून विसरायचा नसतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जखम पुन्हा डॉक्टरांना दाखवायची असते आणि आत हाड मोडले आहे का, यासाठी एक्स-रेही काढायचा असतो. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी बसवता येते. शिकाऊ मुलाच्या सायकलचे कॅरिअर चार नट काढले की निघते, आणि ते निघाले की धाकट्याला बसायला जागाच उरत नाही.